रीनाकडचा पासवर्ड

मुलींना घरबसल्या कॉम्प्युटरचं काम देणारा वसईतला दुकानदार म्हणून तेव्हा माझी जरा मिजास होती. मुंबईच्या एका कंपनीची वेबसाइट आमच्या तिघी आपापल्या घरून सांभाळायच्या. घरं तीन गावांत, म्हणजे सांडोरची वीज गेली तरी गासला काम चालू. पासवर्ड मात्र एकट्या रीनाकडे. गल्ल्याची किल्ली एकाच हातात असावी, ही माझी दुकानदारी अक्कल.

एका दुपारी साइट बंद पडली. गासहून संध्याचा फोन आला. “काका, पासवर्ड रीनाकडेच आहे.”

“मग विचार तिला.”

“तिचे बाबा काल गेले. आत्ता चर्चमध्ये माती आहे त्यांची. मी नाही विचारणार.”

मग मीच फोन लावला. “फार वाईट झालं गं,” म्हटलं आणि त्याच दमात पासवर्ड मागितला.

“काका, जरा थांबा. बाबांची पेटी उचलतायत.”

आणि मी थांबलो. फोन कानाला धरून, तिकडचं रडणं ऐकत. मग तिने एकेक अक्षर नीट सांगितलं. साइट दहा मिनिटांत सुरू झाली.

पुढच्या महिन्यात तिने काम सोडलं. जाताना उरलेल्या दोघींना पासवर्ड लिहून दिला आणि मला म्हणाली, “आता कोणाच्या घरी काही झालं, तर तुम्हाला तिकडे फोन करावा लागणार नाही, काका.”