आबांचा साइड ड्रम

जुनी वस्तू दुरुस्त करायचं नाव माझ्यापुढे काढू नका रे! आमचे आबा तरुणपणी धरणगावला लग्नाच्या बँडमध्ये साइड ड्रम वाजवायचे. त्यांचा तो फाटका ड्रम मी हौसेनं जळगावला नेला. कारागीर म्हणाला, "भाऊ, एवढ्या पैशात नवा येईल." तरी दुरुस्त करून घेतला. घरी आबांनी वाजवला, अख्खी गल्ली बाहेर आली, आणि आबा म्हणतात, "आवाज कोठे शे?"

परत जळगाव. कातडं ताणलं, खालच्या तारा बदलल्या, पुन्हा पैसे मोजले. आबांचं तेच. शेवटी वैतागून आबांनाच दुकानात नेलं. कारागिरानं ड्रम असा बडवला, की शेजारच्या दुकानदारानं कानांत बोटं घातली. मी आबांच्या कानाशी ओरडलो, "आता?"

आबा भडकले, "आरडस कसाले? माले ऐकू येस!" आणि कारागिराकडे बोट दाखवून म्हणाले, "हाऊच हळू वाजाडस."