लाइन जोडून द्या

नवी : चावल्या त्या आजी मला, ताई! मग वृद्धाश्रमाच्या नोंदवहीत ‘आक्रमक’ नाही लिहायचं, तर काय ‘प्रेमळ’ लिहू?

ताई : हात बघू. अगं, याला चावणं म्हणतात? माझी नात याहून जोरात पापा घेते. बस इथे, चादरींच्या कपाटाशी. आजचा धडा दहा मिनिटांचा. त्यांच्या नावावर ही तिसरी ‘आक्रमक’ नोंद. तीन झाल्या की मागच्या कुलपाच्या कक्षात हलवतात, ठाऊक आहे?

नवी : तिकडे? तिथे तर खिडकीसुद्धा उघडत नाही. कुणी सांगितलंच नाही मला.

ताई : सहाला वही मॅनेजरसाहेबांकडे जाते. आत्ता साडेपाच. काय झालं ते सांग. पहिल्यापासून.

नवी : आजी पलंगांच्या घंट्यांच्या वायरी उपटत होत्या. हिची काढायची, तिच्या भोकात खुपसायची. मी म्हटलं, आजी, नाही. असं नाही करायचं.

ताई : सहा वेळा ‘नाही’ म्हणालीस. कॉरिडॉरमधून येता येता मोजलं मी. मग?

नवी : म्हणाल्या, माझी ड्यूटी आहे. मी म्हटलं, अहो, तुमचं टेलिफोन एक्स्चेंज बंद होऊन वीस वर्षं झाली.

ताई : मग?

नवी : रडल्या.

ताई : रडतील नाहीतर काय? आज संध्याकाळी पाच वाजता तू त्यांना नोकरीवरून काढलंस. पुढे?

नवी : मी वायर हातातून ओढली.

ताई : आणि मग त्या चावल्या. वहीत तू शेवटची ओळ तेवढी लिहिलीस, वरचं सगळं गिळलंस.

नवी : मग काय उपटू द्यायचं? कुणाची घंटी वाजलीच नाही तर?

ताई : आता कशी शहाण्यासारखी बोललीस! नाही उपटू द्यायचं. पण हाताचं काम काढून घेतलंस, तर हातात दुसरं द्यायला नको? ही घे फळी, एक्स्चेंजच्या बोर्डासारखी. सुताराकडून भोकं पाडून आणली, वायरी मोडक्या टेपरेकॉर्डरच्या. रंग वाळायची वाट बघत होते. आणि आजी म्हणू नकोस. कामावर बसलेली बाई कुणाची आजी असते?

(खोली. खिडकीपाशी ऑपरेटरबाई, मांडीवर फळी. एकेक वायर जागेवर बसते आहे.)

नवी : ऑपरेटर, परगावी एक ट्रंक कॉल हवा होता.

ऑपरेटरबाई : घरचा की कामाचा?

नवी : घरचा.

ऑपरेटरबाई : घरचे लोक निम्मा वेळ ‘ऐकू येतंय का’ यातच घालवतात. काय बोलायचं ते आधी ठरवून ठेवा. नंबर?

नवी : नंबर... ताई, माझ्या घरचा तर दहा आकडी!

ऑपरेटरबाई : दहा आकडे? चेष्टा करता? मागे माणसं खोळंबलीत. व्हा बाजूला. तुम्ही, मागच्या बाई, तुमचा सांगा.

ताई : मी हिला फक्त शिकवायला...

ऑपरेटरबाई : नंबर.

ताई : दोनशे सतरा.

नवी : कुणाचा हो?

ताई : घराखालच्या औषधाच्या दुकानाचा. नर्सिंगच्या हॉस्टेलवरून दर रविवारी लावायचे. दुकानदार वर बघून हाक मारायचा, की बाबा खाली यायचे.

ऑपरेटरबाई : दोनशे सतरा... वाजतंय. थांबा, जिना उतरताहेत. लागला. बोला.

ताई : (मूठ कानाशी धरते.)

ऑपरेटरबाई : बोला ना, बाई. आणि मोठ्याने.

ताई : बाबा? मी बोलतेय. हो, जेवले. पास झाले, बाबा. केव्हाच झाले. आता मीच शिकवते पोरींना. नाही, ओरडत नाही फारशी.

नवी : ताई, सहाला पाच कमी. जुनं खोडलं. ‘मी वायर ओढली म्हणून चावल्या. चूक माझी. फळी दिल्यावर शांतपणे कामाला लागल्या.’ सही करता?

ऑपरेटरबाई : शू! लाइन चालू आहे.

नवी : केलीत? आणा वही. पळते मी.

ऑपरेटरबाई : बाई, तीन मिनिटं झाली. वाढवू?

ताई : वाढवा.