डॉक्टर तळपदेंचा एकुलता एक श्रोता

...मग काय माणसानं भिंतीला वाजवून दाखवायचं? तुम्हाला सांगतो, गिरगावातले डॉक्टर रघुवीर तळपदे, मनाचे डॉक्टर, विलायतेत शिकून आलेले, पण त्यांचं स्वतःचं दुखणं हेच. सकाळी पेशंट, दुपारी दिलरुबा, संध्याकाळी कथा लिहिणं. आणि ऐकायला कोण? बायको नलू, तर तिनं पहिल्याच वर्षी सांगून टाकलेलं, ‘अहो, मी तुमच्याशी लग्न केलंय, दिलरुब्याशी नाही.’ मासिकवाले कथा साभार परत पाठवायचे. राहता राहिले पेशंट, तर तेव्हा मनाच्या डॉक्टरकडे जातंय कोण? ‘आम्ही काय वेडे आहोत?’ म्हणत लोक अर्ध्या जिन्यातून मागे फिरायचे.

रामजी मात्र अख्खा जिना चढून आला. लालबागचा, मिलमध्ये साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवणारा. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात, फाउंटनच्या गोळीबारात त्याचा शेजारी सीताराम गेला आणि तेव्हापासून याच्या डोळ्याला डोळा नाही. साच्यापुढे उभ्या उभ्या झोक जायचा, एकदा तर हात पट्ट्यात जाता जाता वाचला. बरं, बोलायचा म्हणाल तर अवाक्षर नाही. डॉक्टर विचारणार, हा खिडकीतून ट्राम बघणार. शेवटी डॉक्टरांना वाटलं, बोलत नाही तर निदान ऐकेल तरी, म्हणून कोपऱ्यातला दिलरुबा घेतला, गज फिरवला आणि... काय सांगू तुम्हाला, पडद्यातून गाळून आलेलं दुपारचं पिवळं ऊन, चौपाटीकडचा वारा, आणि भीमपलासाचा तो सूर, संथ पाण्यावरून होडी सरकावी तसा; खोलीच्या भिंती जणू विरघळल्या, डॉक्टर कुठल्या कुठे तरंगत गेले... आणि दाद घ्यायला डोळे उघडतात, तर रामजी झोपलेला.

आता डॉक्टर म्हणून आनंद व्हायला नको? झाला की. पण वाजवणारा म्हणून?

पुढच्या खेपेला त्यांनी कथा काढली. समुद्रात बुडालेल्या गावात एक म्हातारी अजून दारोदार दिवे लावत फिरते, अशी काहीतरी. वाचता वाचता डॉक्टरांनाच ते दिवे पाण्याखाली हलताना दिसायला लागले, पान उलटून बघतात, तर रामजी झोपलेला. नलूताई दारातून म्हणाल्या, ‘औषध म्हणून तरी चालतंय ना, मग?’

असं महिनाभर चाललं. मग एका दुपारी रामजी जागा झाला आणि छताकडे बघत, अजून अर्धा झोपेतच, म्हणाला, "मीच नेला त्याला. तो येत नव्हता."

डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली. मग त्यांनी विचारलं, सीतारामच्या घरी कोण असतं? आई, कमलाबाई, आमच्याच मजल्यावर, रामजी म्हणाला. आपण तिला अजून तोंड दाखवलेलं नाही.

"तिला झोप लागते का?" डॉक्टरांनी विचारलं.

रामजी उठला आणि निघून गेला. डॉक्टरांना वाटलं, गेला, होता तोही श्रोता गेला.

तर पुढच्या आठवड्यात हा कमलाबाईंना घेऊन हजर. त्यांच्या दारात जाऊन त्यानं सगळं सांगितलं होतं. म्हातारी म्हणाली होती, "तू त्याला नेलास, ता माका तेव्हाच ठाऊक. तू इलस नाय, त्याचाच वायट वाटला रे."

दोघं बाकावर शेजारी बसली. डॉक्टरांनी गज उचलला. त्या दिवशी सूर असा लागला की बास... बाहेरची ट्रामसुद्धा हळू गेल्यासारखी वाटली. कमलाबाईंची मान कलत कलत रामजीच्या खांद्यावर आली. डॉक्टरांनी राग संपवला, भीत भीत डोळे उघडले, तर रामजी जागा! टक्क जागा, डोळ्यांत पाणी. शेवटपर्यंत ऐकणारा पहिला माणूस, राव.

"कसं झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

रामजीनं ओठांवर बोट ठेवलं. आणि टाळी? टाळी कुठून वाजवणार... दुसरा हात म्हातारीच्या मानेखाली अडकलेला.