गुरुवारचा डाग

नाही, बोलू नका ताई — बोललं की हनुवटी हलते, हनुवटी हलली की आकडा चुकतो. कपाळ पट्टीला टेकवा. हां, अस्संच. आत एक लाल छपराचं घर दिसतंय ना, त्याच्याकडे बघत राहा, बोलायचं काम मी करतो. तुम्ही विचारलंत ना, टेबलावरच्या कागदावरचा गोल कसला — तो सूर्य आहे. आजचा, सकाळी दहाचा. मागच्या अंगणात दुर्बीण लावतो, तिच्यामागे पांढरा पुठ्ठा बसवलाय, त्या पुठ्ठ्यावर सूर्याचं बिंब पडतं — दुर्बिणीला डोळा लावून सूर्य बघायचा नाही, कधीच नाही, चष्मेवाल्यानं तर नाहीच नाही — आणि त्या बिंबावर जेवढे काळे डाग दिसतील तेवढे ह्या कागदावर काढायचे, मोजायचे, तारीख घालायची. रोज. ढग असले तर 'ढग' लिहायचं. एकोणीस वर्षं. मुलगी झाली त्या दिवशीचाही कागद आहे, चौदा डाग. बायको पाहुण्यांना सांगते, माझी सवत रोज सकाळी दहाला येते, फक्त पावसाळ्यात माहेरी जाते. हसा, हसा, पण हनुवटी न हलवता.

आता डावा डोळा. — कशासाठी म्हणाल, तर कशासाठीच नाही. म्हणजे उपयोग आहे, सूर्यावरच्या डागांचा हिशेब जगात शेकडो वर्षं ठेवतायत, माझ्यासारखेच लोक, शिंपी, मास्तर, पोस्टातले कारकून — पण खरं सांगू, मला ते आवडतं. मी फार शिकलेला नाही. भिंगं घासायला शिकलो, बाकी सगळं वाचून. आणि एकट्यानं झालंच नसतं हे. पेंटर होता. म्हणजे आहे. जाताना दुकानाची पाटी बघा, ती त्यानं रंगवलीय, बावीस वर्षं झाली, 'चष्मे'मधल्या त्या 'ष'चं पोट बघा — असा 'ष' आता कुणाला येत नाही. आमची ओळख वाचनालयात झाली. विज्ञानकथांचं एकच कपाट आणि त्यावर टपलेले दोघं. मी पुस्तक मागायला जावं तर ते पेंटरकडे, तो मागायला जाई तर माझ्याकडे, शेवटी ग्रंथपालच म्हणाला, बाबांनो, तुम्ही एकमेकांशी सोयरीक करा आणि मला सोडा. पेंटर म्हणायचा, मंगळावर वस्ती होणार आणि तिथली पहिली पाटी मी रंगवणार. मी म्हणायचो, तिथे पाटी वाचायला येणार कोण? तर म्हणे, तू, चष्मा विकायला.

उठा, झालं ह्या यंत्राचं. इकडे खुर्चीत बसा. ही चौकट जड आहे, नाकावर थोडा वेळ सोसा.

तर त्या गोष्टींत एक प्रकार नेहमी यायचा — आकाशातून कसलासा संकेत येतो आणि पहिलं केंद्र दुसऱ्या केंद्राला विचारतं, तुम्हाला काही ऐकू आलं का? काय ऐकू आलं ते सांगत नाही. सांगितलं की संपलं, मग दुसऱ्यालाही तेच ऐकू यायला लागतं. पेंटरला ह्याचं फार कौतुक. नियम त्यानंच केले, मी नाही — हे लक्षात ठेवा, मी नाही. दोन घरं, दोन दुर्बिणी, वेळ एकच. त्याची दुर्बीण मीच जुळवून दिली, भिंगं माझ्या हातची. कागदावर शाईनंच काढायचं, पेन्सिल नाही, खोडायचं नाही, चुकलं तर चुकलेलं दिसलं पाहिजे. आणि रविवार सकाळपर्यंत डागांबद्दल एकमेकांशी एक शब्द नाही. रविवारी त्याच्या ओट्यावर सात कागद त्याचे, सात माझे, शेजारी शेजारी मांडायचे. ताई, तुम्हाला सांगतो, दोन वेगळ्या छपरांखाली दोन माणसांनी काढलेला तोच एक बारका ठिपका, त्याच जागी — तो बघताना जे वाटतं ना, ते मला देवळातही कधी वाटलं नाही. म्हणजे मी वेडा नाही. ते तिथे खरंच आहे.

वाचा बरं, तिसरी ओळ. — हं. — हं. शेवटचं अक्षर? — नाही, ते 'घ' नाही. चाळिशी लागलीय, घाबरायचं काही नाही, सगळ्यांना लागते. ही काच घालतो. आता? — बरं.

दोन महिन्यांपूर्वी मी धीर करून एका मोठ्या वेधशाळेला पत्र लिहिलं. दोघांच्या नावानं. म्हटलं, आमच्याकडे एकोणीस वर्षांच्या नोंदी आहेत, दोघांच्या, स्वतंत्र, हव्यात का? अपेक्षा काही नव्हती. तर उत्तर आलं — हव्यात. एकट्याच्या नोंदी त्यांच्याकडे ढीगभर आहेत, पण एकाच गावातल्या दोघांच्या, एकाच वेळच्या, एकमेकांना न दाखवता केलेल्या — अशा फार थोड्या. जोडी म्हणून घेऊ, म्हणाले. नमुन्याला कुठल्याही एका महिन्याचे दोघांचे कागद पाठवा. मी पाच वर्षांपूर्वीचा एक महिना उचलला, त्या वेळी सूर्यावर डागांची नुसती जत्रा होती, म्हटलं बघू देत आमचं काम. मागच्या शनिवारी उत्तर आलं. हे बघा, खिशातच आहे — नाही, तुम्हाला आता वाचता येणार नाही ह्या काचांतून, मीच सांगतो. फार सभ्य पत्र आहे. काम उत्तम आहे, म्हणतात. फक्त एक गोष्ट. अमुक गुरुवारी दोघांनीही डाव्या कडेजवळ एक लहान डाग दाखवलाय, तो त्या दिवशीच्या आमच्या एकाही छायाचित्रात नाही. दोघांची चूक एकच कशी, ह्याचा कृपया खुलासा करावा.

मी तो गुरुवार विसरलो नव्हतो. म्हणजे विसरलो होतो असं मी ठरवलं होतं. दुर्बिणीच्या मागच्या भिंगावर कचरा बसला ना, तर तोही पुठ्ठ्यावर डागासारखाच दिसतो. म्हणून नळीला बोटानं हलकासा धक्का द्यायचा — सूर्याचे डाग सूर्याबरोबर सरकतात, कचरा जागचा हलत नाही. रोजचं आहे, हाताला सवय आहे. त्या गुरुवारी दुकानात कोणी तरी हाका मारत होतं आणि मी धक्का दिला नाही. शुक्रवारी ढग. शनिवारी बघतो तर बाकीचे डाग चांगले बोटभर पुढे गेलेले आणि हा पठ्ठ्या तिथल्या तिथे. भिंग पुसलं, गेला. माशीची घाण. ताई, माशीची. मी ठरवलं, रविवारी पेंटरला सांगायचं की गुरुवारचा तेवढा एक धरू नकोस. आणि रविवारी त्यानं कागद मांडले, तर त्याच्या गुरुवारी तो ठिपका होता. माझ्या ठिपक्याच्याच जागी. डाव्या कडेला.

मी काय केलं? काहीच नाही केलं. म्हटलं, बारके डाग एका दिवसात मिटतात, असेल खरंच तिथे एखादा, योगायोगानं माझी घाणही तिथेच बसली असेल. दोघांनी पाहिलं म्हणजे खरं. उलट मलाच लाज वाटली की स्वतःच्या डोळ्यावर संशय घेतला. गप्प बसलो. पाच वर्षं. आता ते लोक म्हणतात, नव्हताच डाग. म्हणजे ती माझी घाणच होती. मग माझ्या भिंगावरची घाण, ताई, त्याच्या सूर्यावर गेली कशी?

मान सरळ ठेवा. — मी सांगतो कशी गेली. रोज साडेबाराला मी जेवायला घरी जातो आणि तेवढा वेळ पेंटर इथे बसतो, दुकान बघतो. त्या स्टुलावर. कागद असतात ह्या खणात. कुलूप नाही, कधीच नव्हतं, कोणापासून लावायचं? आणि मी जेवून येईपर्यंत तो इथे बसून माझे डाग टिपून घ्यायचा. संध्याकाळी घरी जाऊन उतरवायचा, आपल्या त्या सुंदर हातानं, माझ्यापेक्षा रेखीव. ठिपका एखाददुसरा इकडेतिकडे करायचा, अगदी तंतोतंत नको म्हणून. तेवढी अक्कल होती. मी शनिवारपासून दोघांचे सगळे गठ्ठे घेऊन बसलोय, माझ्याकडेच असतात ते. आधीच्या वर्षांत आमचं पटत नसे — त्याचे नऊ तर माझे सात, भांडायचो, अर्धा रविवार जायचा. गेली पाच-सहा वर्षं भांडण नाही. मला वाटलं, हात बसला दोघांचा. आरशाशी गप्पा मारत होतो मी, आणि म्हणत होतो, काय पटतं आमचं!

तुम्ही म्हणाल, कारण असेल. आहे ना कारण. त्याला दिसत नव्हतं. गेल्या महिन्यात पंधरा दिवस नाहीसा झाला, बहिणीकडे जातो म्हणाला, आणि परत आला तो काळा चष्मा लावून. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून आला होता. मला कोणी सांगितलं? त्याच्या सुनेनं, तेही मी विचारलं म्हणून. आणि तो काळा चष्मा दुसऱ्या दुकानातला, ताई. दुसऱ्या. किती वेळा म्हटलं, पेंटर, टेकव एकदा हनुवटी, बघू दे — 'माझे डोळे ठणठणीत आहेत डॉक्टर, तुझे बघ.' डॉक्टर म्हणतो मला, थट्टेनं. पाट्या रंगवायचं सोडलं तेव्हा म्हणाला, आता सगळं यंत्रावर छापतात, हाताला विचारतं कोण. मी मान हलवली. गावभरच्या लोकांच्या डोळ्यांत बघतो मी, आणि हा रोज समोर बसत होता. मला सांगितलं असतं तर — काय झालं असतं? 'दिसत नाही' असं लिहिलं असतं, ढगासारखं. चालतं ते. कोरी जागा चालते. खोटी नाही चालत.

ही काच बरी की मघाची? — ही. बरं, ही लिहून घेतो.

अजून विचारलं नाही मी त्याला. आठ दिवस झाले, तो येतो, मी जेवायला जातो, परत येतो. विचारलं तर म्हणेल, योगायोग. आणि मला मान्य करावंसं वाटेल, तीच भीती आहे. म्हणून आज एक केलंय. तो कागद बघा, जरा जवळ घ्या — वरच्या बाजूला उजवीकडे दोन ठिपके, एक मोठा, एक त्याला चिकटलेला. दिसले? ते नाहीत. सूर्यावर नाहीत. मी काढले, शाईनं. आता हा कागद खणात ठेवीन आणि जेवायला जाईन. रविवारी त्याच्या कागदावर हे दोन आले की संपलं, मग योगायोग म्हणायची सोय नाही. तुम्ही नीट बघून ठेवा, उद्या कोणी म्हणायला नको की मी मागाहून काढले. साक्षीदार लागतो ना दुसरा. तोच तर नियम आहे.

आणि ताई, आज — हे तुम्हाला सांगायला नको, पण — आज सूर्यावर काहीच नाही. एकसुद्धा डाग नाही. साडेसहा वर्षांनी. असा दिवस येतो तेव्हा पुठ्ठ्यावर नुसतं पांढरं ताट पडल्यासारखं दिसतं, आपण वाकून वाकून कडा शोधतो, नळीला धक्का देतो, भिंग पुसतो, आणि काही नाही. मागच्या वेळी असा दिवस आला तेव्हा मी कोऱ्या गोलाखाली तारीख घातली आणि दिवसभर कोणालाही न सांगता दुकानात उगीच हसत होतो. साडेसहा वर्षं ह्या दिवसाची वाट बघितली. आणि आज मी त्यावर दोन ठिपके काढले. त्यानं करायला लावलं मला हे. एकोणीस वर्षांत माझा एकही कागद — म्हणजे तो गुरुवार सोडला तर —

थांबा, तो आलाच बघा. आज दहा मिनिटं आधी कसा? तुम्ही तो कागद इकडे द्या. — ये पेंटर, ये. धापा कसल्या टाकतोयस? बस तिथे. ह्या ताई आहेत, चाळिशीसाठी आल्यात. — काय? — नाही, सांगू नकोस, रविवारी सांग, नियम काय आपला — अरे, सांगू नकोस म्हणतो ना —

कोरा?

…एकही नाही? नळी हलवून बघितलीस? …तीन वेळा. बरं. …हो. …हो, साडेसहा वर्षांनी, मी पण मोजलीयत. …नाही रे, रागावलो नाही नियमाबद्दल. राहवलं नाही तुला, कळतं मला. …माझा? माझा कागद ना — अजून शाई वाळायचीय. खणात आहे. नको, काढू नकोस. तू बस. मी आज जेवायला जात नाही.

ताई, झालं तुमचं. मंगळवारी या, चष्मा तयार असेल. ती चौकट काढा, माझ्या हातात द्या. आणि — मघाशी मी तुम्हाला कुठल्या कागदावर काही दाखवलं होतं का? …नाही ना? दाखवलं नव्हतं. बरं. जाताना दार लोटून घ्या.