हजारावर दोन जास्ती

माजं माहेर केम गावचं. स्टेशनाच्या अलीकडं वस्ती व्हती आमची, बाप दुसऱ्याच्या रानात राबायचा आन आमी बहिनी शेरडं राखायचो. सोलापूर काय आसतं ते लगीन झाल्यावरच बगितलं. नवरा चादरीच्या कारखान्यात मागावर, भला मानूस, सुपारीचं खांड सुदिक तोंडात टाकत न्हाय, बोलतो बी कमीच. घरात नुसतं बसून काय करायचं, म्हनून शेजारच्या लक्ष्मीअक्कानं मला बिडी वळायला शिकवलं. अक्का तेलगू, तिच्या घरात सासूपासून लेकीपतुर समद्या बिडी वळनाऱ्या. पान भिजवायचं, पत्र्याच्या मापानं कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांदायचा, तोंड मुडपायचं. सांगायला सोपं हाय. माज्या पैल्या बिड्या बगून अक्का म्हनली, अगं ह्या बिड्या हायत का शेवग्याच्या शेंगा, आन हसून हसून लोळली. पन वर्सभरात हात बसला, दिसाला हजार. तवापासून त्येच, दुसरं काय न्हाय बगा, बसून बसून कंबर गेली माजी.

मग गनेश झाला. लई वाट बगायला लावून झाला, येकटाच. मांडीवर तंबाखूचं सूप आन सुपाशेजारी पोरगं निजलेलं, आसाच वाढला त्यो. भिताडापासून भाकरीपतुर समद्याला तंबाखूचा वास, पन आमाला त्यो वास येतच न्हवता, पावनं आलं की त्येंनाच ठसका लागायचा. जरा मोटा झाला तसा शाळेतनं आला की माज्यासंगं बिड्यांची तोंडं मुडपायला बसायचा. काय सांगू तुमाला, हात काय चपळ त्याचा! मी गल्लीभर सांगत फिरायची, माजं लेकरू आईला हातभार लावतंय म्हनून. तवा कौतुकच वाटायचं.

आठवीला गेला तवाची गोष्ट. पंचवीस बिड्यांचा येक कट्टा बांदतो आमी, बिडीच्या कारखान्यात द्यायच्या आदी मोजून बगतो. तर येक दिस दोन बिड्या कमी. म्हनलं माजंच चुकलं आसंल. दुसऱ्या दिशी परत दोन. तिसऱ्या दिशी मी पानी आनायचं सोंग केलं आन दाराआड थांबले, तर गन्यानं दोन बिड्या उचलल्या आन दप्तरातल्या कंपासच्या डब्यात ठिवल्या. आक्शी सवयीनं ठिवल्या. बापाला कळलं आसतं तर त्यानं चामडी लोळवली आसती पोराची.

मग मी काय केलं आसंल? सांगू का नको... सांगते, आता कुनापासनं लपवायचं. मी त्याला येका शब्दानं बोलले न्हाय. मी हजारावर दोन जास्ती वळाया लागले. फाटक्या पानाच्या, कारखान्यातला तपासनारा छाट म्हनून बाजूला फेकतो तसल्या, त्या वरच ठिवायची, म्हंजी त्याच्या हाताला त्याच लागाव्या. म्हनलं वयच हाय, गल्लीतली समदीच पोरं वडत्यात, चार दिस वडंल आन कटाळून सोडंल. दोन बिड्यांनी काय व्हतंय. आई आसून आसं म्हनले बगा मी. माजी अक्कल कुटं शेन खायाला गेली व्हती कुनाला ठावं.

दुसऱ्या आयांना पोराचं यसन कळत न्हाय, कपड्याला वास आला की मग कळतं. मला रोज सुपात दिसत व्हतं. दिवाळीपतुर दोनाच्या चार झाल्या, मी चार जास्ती वळायची. नववीत सा, मग आठ. आदी शाळा सुटल्यावर, मग मधल्या सुट्टीत, मग सकाळी तोंड धुयाच्या आदी. मधी बंद करून बगितलं की मी, समद्या मोजून डब्यात घालून कुलूप लावलं. तर दुसऱ्या दिशी पोरगं भांड्याला लात मारतंय, डोकं दुकतंय म्हनतंय, ताट ढकलून देतंय, अभ्यासाला बसलं की पाच मिंटात उठतंय. तिसऱ्या दिशी त्याचं तोंड बगवंना. बाप कामावर गेला आन मी कुलूप काढलं. ह्या माज्या हातानं काढलं.

दहावीच्या गनिताच्या पेपरला मधीच उठून आला भाईर. सर म्हनलं, अरं अजून तासभर हाय. ह्येला तासभर बसवंना. दोनदा नापास झाला, मग रिक्षा चालवाया लागला. आता इसावं वरीस लागलंय, जिना चढताना धाप लागती त्याला, माज्या आदी.

औंदा खोकला थांबंना म्हनून त्याला दवाखान्यात नेलं. तितली नर्स बाई म्हनली, कोवळ्या वयात ह्ये लवकर धरतं मावशी, पोराचं डोकं अजून घडत आसतं, मोट्या मानसापरीस घट्ट बसतं. सोडता येतं, पन लई दम लागतो. घरी येताना गन्या म्हनला, आई, आता मजा बी न्हाय येत गं, नुसतं बरं वाटावं म्हनून वडतो. मग मला ऱ्हावलं न्हाय, समदं सांगून टाकलं. म्हनलं तू दोन उचलत व्हतास तवापासून मला म्हाईत हाय, मी तुज्यासाठीच जास्ती वळत व्हते. त्यानं रिक्षा कडंला घेतली. म्हनला, मला वाटायचं तुला मोजता येत न्हाय. मग म्हनला, येकदा तरी रागवायचं व्हतंस की गं.



त्या दिसापासनं सोडलीया त्यानं. मी बी सूप उचलून अक्काच्या वट्ट्यावर नेलं, घरात वास नको. धा दिस गेलं. अकराव्या दिशी भर दुपारी रिक्षा घिऊन तितंच आला, डोळं लाल. म्हनला आई, येक दे. येकच. माजा हात आपसूक सुपाकडं गेला, खोटं कशाला बोलू. मग पदर वडला आन सुपावर टाकला. म्हनलं, न्हाय.

लई बोलला मला, चारचौघीत बोलला. आत्ता बरी आलीस न्हाय म्हनायला, आठवीत कुटं गेली व्हतीस. मी म्हनलं, चुकलंच माजं, तरी बी न्हाय. पायरीवर डोकं धरून बसला आन रडला, मिसरूड फुटलेला गडी. अक्कानं पानी दिलं. घटकाभरानं उठला, रिक्षा चालू करून गेला. चौकात पानटपरी हाय, तितं थांबला का न्हाय मला म्हाईत न्हाय. संध्याकाळी आल्यावर त्यानंच सांगितलं, आज बी न्हाय आई. खरं आसू दे रं बाबा, म्हनलं.

आज चौदावा दिस. मी बिड्या वळतेच हाय, ह्या वयात दुसरं काय येतंय मला. तुमची लेकरंबाळं सुखी ऱ्हाऊ द्यात, आन माज्या गन्याला देव बळ दिऊ दे. कालच्याला परत मागितली त्यानं, परत न्हाय म्हनलं. उद्या मागितली तरी न्हायच म्हनंन.