अव्होकाडो जागचं हलत नाही

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या गावचे ज्येष्ठ म्झे तेमू, मुख्याध्यापिका श्रीमती शायो, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, सहकारी शिक्षक, पालक, विद्यार्थी, आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते आपले गुरुजी, म्वालिमू एलिनामी माचा, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मला पाच मिनिटं मिळाली आहेत. बाहेर मंडपात केळ्यांची दारू, आपली म्बेगे, गाळून तयार आहे हे मला ठाऊक आहे. तुम्ही दाराकडे का बघताय हेही ठाऊक आहे. तरी थोडा धीर धरावा.

शिक्षकांच्या वतीने बोलायला मला उभं केलं, कारण म्वालिमूंना सगळ्यांत जवळून मी ओळखते असा समज आहे. मी त्यांची विद्यार्थिनी होते. एकोणीस वर्षं शिक्षकांच्या खोलीत त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. आणि घरीही आमच्या केळीच्या बागा लागून आहेत. मध्ये फक्त इसालेच्या झुडपांची रांग. एवढं जवळ राहून माणूस ओळखता येतो का? मला खात्री नाही.

वर्गात ते एक गोष्ट हमखास विचारत. मी घडाघडा उत्तर दिलं की म्हणत, "आइकांडे, बरोबर आहे. पण हे तू पाहिलंस, की नुसतं ऐकलंस?" सगळा वर्ग हसायचा. मी हसायचे नाही.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी त्यांची ती प्रसिद्ध तुलना वहीत लिहून घेतली असेल. फळ्याच्या मधोमध रेघ. डावीकडे इसाले, म्हणजे ड्रॅसिना. उजवीकडे अव्होकाडो. इसालेची पानं लांब, हिरवीगार, फळ खाण्याजोगं नाही. अव्होकाडोला सात-आठ वर्षांनी फळ. इसालेची कांडी तोडून कुठेही खोचा, जगते. अव्होकाडो मोठं झालं की जागचं हलत नाही. इसाले आपल्याकडे बागेच्या हद्दीवर आणि पूर्वजांच्या थडग्यांवर, परदेशात मात्र दिवाणखान्यातल्या कुंडीत. परवाच म्वालिमू म्हणाले, म्वान्झाला त्यांच्या लेकीच्या, न्देशीच्या, तिसऱ्या मजल्यावरच्या घरातसुद्धा टीव्हीशेजारी एक इसाले आहे. "बिचारं तिथे कुणाची हद्द राखतंय? सोफ्याची?" असं ते म्हणाले आणि आम्ही सगळे हसलो. शनिवारी ते त्याच घरी राहायला चालले आहेत.

बारा वर्षांपूर्वी त्या फळ्यावरच्या तुलनेतून म्वालिमूंनी परीक्षेत एक नवा प्रश्न घातला. प्रश्नपत्रिका तपासणं आणि नमुना उत्तरं लिहिणं माझ्याकडे असतं. प्रश्न असा होता: "इसाले आणि अव्होकाडो, दोघांपैकी कोणाची साक्ष अधिक खरी? कारणांसह लिहा." दोन गुण. मी नमुना उत्तराची जागा कोरी सोडली. पुढच्या वर्षी प्रश्न पुन्हा आला. मी पुन्हा कोरी सोडली. या वर्षापर्यंत हेच चाललं. मुलं लिहायची, इसालेची, कारण वडीलधारी माणसं त्याला मानतात. म्वालिमू सगळ्यांना दोनपैकी दोन द्यायचे.

अध्यक्षमहोदय, ते कोरं उत्तर आज भरावं अशी माझी इच्छा आहे. मुख्याध्यापिकाबाई, माझी पाच मिनिटं संपत आली असतील, पण मला थांबवू नका.

मी वीस वर्षांची होते, कॉलेजच्या सुट्टीत घरी आले होते. म्वालिमूंची तेव्हा टबोराला बदली झालेली होती. सगळं कुटुंब तिकडे आणि घराला कुलूप. एका रविवारी चर्चहून आल्यावर बाबांनी कोयता घेतला आणि मला टोपली घ्यायला सांगितली. आमच्या हद्दीवरचं इसाले त्यांनी तोडलं, मुळं उपटली, आणि कांड्या सहा पावलं खाली, म्वालिमूंच्या बागेतल्या अव्होकाडोच्या पलीकडे, एका रांगेत खोचल्या. टोपली माझ्या हातात होती. मी विचारलं, "बाबा, हे काय?" ते म्हणाले, "बाग सरळ करतोय. तू कॉलेजात काय शिकतेस, प्रश्न विचारायला?" मी रोजनिशी लिहिते. त्या दिवसाच्या पानावर एवढंच आहे: बागेत बाबांना मदत केली.

म्वालिमू चार वर्षांनी परत आले तेव्हा ते इसाले माझ्या खांद्याला लागत होतं. जणू किबो शिखरावरच्या बर्फाइतकं जुनं. आता आमच्या बाजूला आलेलं ते अव्होकाडो त्यांच्या पत्नीने, आम्हां सगळ्यांना आईसारख्या मामा अनासियांनी, न्देशीच्या जन्मानंतर लावलेलं होतं. माझे बाबा वयाने मोठे, म्हणून म्वालिमू गप्प राहिले. बाबा गेले. मग मामा अनासियाही गेल्या. त्यानंतर, बारा वर्षांपूर्वी, म्वालिमूंनी हद्दीचा विषय गावापुढे मांडला. त्यांना जमीन नको होती. झाड हवं होतं.

म्झे तेमू, त्या बैठकीचे अध्यक्षही तुम्हीच होतात. कुणीतरी मागून म्हणालं, "म्वालिमू, शाळेतली झाडं मोजून भागलं नाही काय, आता शेजाऱ्याची मोजताय?" हशा झाला. तुम्ही तो थांबवलात आणि म्हणालात, "आइकांडे, तू शिकलेली बाई आहेस. थोडक्यात सांग. तुमचं इसाले कुठे आहे?"

मी म्हणाले, "जिथे दिसतंय तिथे आहे, म्झे."

यात खोटा शब्द एकही नाही. मी नंतर पुष्कळदा तपासून पाहिलं. तुम्ही "होतं" असं विचारलं असतं तर? मी काय म्हणाले असते? मला माहीत नाही, आणि माहीत नाही हेच मला जास्त लागतं. तुम्ही म्हणालात, "इसाले बोललं. आता माणसांनी बोलायचं नाही." म्वालिमू समोर बसले होते. पाहिलंस की ऐकलंस, हे तेव्हा त्यांनी मला विचारायला हवं होतं. त्यांनी विचारलं नाही. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि टोपी घालून घरी गेले.

त्या मोसमात मी त्यांना अव्होकाडोची टोपली पाठवली. दोन आठवड्यांनी टोपली परत आली. आत धुतलेल्या बिया, एकीशेजारी एक लावलेल्या, आणि चिठ्ठी: "फळं उत्तम होती, आभार. झाड तुमचं आहे, म्हणून बिया परत."

मंडळी, आपला डोंगर कसा आहे ते तुम्ही जाणता. डिसेंबरमध्ये शहरांतून आपल्या माणसांच्या मोटारी येतात, घराघरांत बोकड कापले जातात. जानेवारीत कुलपं लागतात. आमच्या उतारावर वर्षातले अकरा महिने दोनच चुलींचा धूर दिसतो, त्यांचा आणि माझा. बारा वर्षं रोज संध्याकाळी आम्ही इसालेच्या दोन बाजूंना उभे राहिलो. मी म्हणायचे, "पाऊस येईलसं वाटतं, म्वालिमू." ते म्हणायचे, "येईल." एवढंच. पण ते "येईल" ऐकल्याशिवाय मला आत जाववत नसे. शनिवारपासून एकच चूल राहील.

आता तुम्ही म्हणाल, हे आजच का? मीही स्वतःला हेच विचारते आहे. ते निघाले म्हणून मला धीर आला का? शनिवारपासून त्यांच्या नजरेला नजर द्यावी लागणार नाही, म्हणून? असेलही. माझ्या भावांना हे आवडणार नाही, तेही मला दिसतंय. तिसऱ्या रांगेतून एक जण खुणा करतोय, खाली बस म्हणून. जरा थांब, दादा.

उत्तर असं आहे. अव्होकाडोची. कारण इसाले कुठेही नेऊन लावता येतं, आणि आम्ही ते नेऊन लावलं. मी ऐकलेलं नाही. मी पाहिलेलं आहे. अध्यक्षमहोदयांना विनंती की हे गावाच्या वहीत लिहून घ्यावं आणि उद्या सकाळी चार माणसं घेऊन यावं. रांग जुन्या जागी न्यायची आहे.

एक शेवटचं. आपल्याकडे अपराध्याने इसालेचं पान गाठ मारून पाठवलं, की ज्याचा अपराध झाला त्याला क्षमा नाकारता येत नाही. आज सकाळी मी पान तोडलं होतं. गाठही मारली. मग ते घरीच ठेवून आले. म्वालिमू, जे नाकारताच येत नाही ते तुमच्याकडून मागून घेणं, म्हणजे पुन्हा तेच झालं असतं. तुमच्या वतीने इसाले बोललं असतं, आणि तुम्ही पुन्हा गप्प.

मला बोलू दिल्याबद्दल अध्यक्षमहोदयांचे, मुख्याध्यापिकाबाईंचे आणि आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. वेळ जास्त घेतला, समारंभाला शोभणार नाही असं बोलले, त्याबद्दल सभागृहाने मला उदार मनाने माफ करावं.

म्वालिमू, तुम्ही मात्र नाही म्हणू शकता. माझे हात रिकामे आहेत.