तव्यात अडकलेला राम

आमच्या बाबांच्या भजनाचा ग्रामोफोनचा तवा निघाला होता, हे तुम्हाले ठाऊकच नसन. नागपूर मुंबई राज्यात गेलं अन् आपण मध्य प्रदेशात राहिलो, त्या सालची गोष्ट. बाबा पांढुर्ण्याचं अख्खं मंडळ घेऊन नागपूरले रेकॉर्डिंगले गेले. आता आपल्याकडं कसं, बुवा देवाचं नाव घेते, मग बसलेले सारे ते उचलतात अन् मन भरेपर्यंत सोडत नाहीत. कंपनीवाला म्हणे, "बुवा, तीन मिनिटांत आटपा."

तवा घरी आला. शेजाऱ्याचा ग्रामोफोन ओसरीवर मांडला. सौसरहून मामा मुद्दाम ऐकाले आले. भजन वाजलं अन् संपलं. मामा आपल्या बहिणीच्या नवऱ्याले, बाबांले म्हणे, "भाटवे, मी अजून पानाले चुनाच लावून राहिलो होतो, तं तुमचं सरलं बी!"

बाबांचं तोंड एवढंसं झालं. "पुन्हा ऐका," म्हणत त्यांनी रागानं सुई ठेवली, तं तव्यावर ओरखडाच पडला. सुई अडकली. "जय राम, जय राम, जय राम..."

मामानं ते उचललं. मग अख्ख्या ओसरीनं उचललं. टाळ निघाले. आई चूल सोडून येऊन बसली. चावी उतरली की कोणीतरी उठून फिरवे, अन् गजर पुन्हा चढे.

शेवटी बाबाच शरमून सुई उचलाले गेले. मामानं त्यांचा हात धरला.

"थांबा न, भाटवे! आत्ता कुठं तुम्ही रंगात येऊन राहिले!"